शेतकऱ्याच्या खिशातील चाकू : जवळ असावा, पण दिसू नये

मोठ्या अवजारांची चर्चा आपल्या मंडळींत पुष्कळ होते. नांगर कोणता घ्यावा, पंप किती अश्वशक्तीचा बसवावा, ठिबकच्या नळ्या किती अंतरावर टाकाव्या, याविषयी चार शेतकरी एकत्र जमले म्हणजे घटका घटका बोलणे चालते. परंतु जे अवजार दिवसातून दहा-वीस वेळा हाती घ्यावे लागते, ज्यास ना बैल लागतो ना वीज लागते, आणि जे केळीच्या एका घडाच्या किमतीत येऊ शकते, त्या घडीच्या लहान चाकूविषयी विचारपूर्वक बोललेले फारसे ऐकू येत नाही. या लेखात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आणि त्यास आजच्या काळी एक विशेष कारणही झाले आहे.

पिंप्राळ्याचेच उदाहरण घेऊ. एके काळी जळगावाहून निराळे असलेले हे गाव आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शिवारात घरांच्या वसाहती उठल्या, तरी गावातील जुन्या घराण्यांची शेती सर्वस्वी सुटलेली नाही. असा शेतकरी सकाळी केळीच्या बागेत असतो, दुपारी बाजार समितीत वा बँकेत जातो, तिसऱ्या प्रहरी उताऱ्याच्या कामासाठी कचेरीची पायरी चढतो, आणि दिवेलागणीस देवळात किंवा एखाद्या लग्नघरी हजर असतो. अंगावरचे कपडे तेच, खिसा तोच आणि खिशातला चाकूही तोच. बागेत ज्यास कोणी ढुंकूनही पाहिले नाही, तोच चाकू कचेरीच्या दाराशी शिपायाच्या दृष्टीस शस्त्र वाटू लागतो. शहर शेतकऱ्याच्या दाराशी येऊन ठेपले, म्हणून त्याने आपले अवजार टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. पण ते वागविण्याची रीत मात्र आता शिकून घेतली पाहिजे. ती रीत एका वाक्यात सांगावयाची तर अशी : चाकू जवळ असावा, चारचौघांत दिसू नये, आणि कोणी अधिकाराने विचारले असता लपवू नये.

पूर्वापार चाल

ही रीत आपल्या लोकांस अगदीच नवी नाही. आपल्या वाडवडिलांच्या कमरेस जी चंची असे, तिच्या कप्प्यांत पान, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू आणि अडकित्ता यांच्या जोडीस बहुधा एक लहानसा चाकूही असे. चंची गुंडाळून बंद केली म्हणजे आत काय आहे ते कोणास दिसत नसे, आणि उलगडली म्हणजे त्यात लपविण्यासारखे काही नसे. चाकू दुसऱ्याच्या हातात सरळ न देता खाली ठेवावा व त्याने तो उचलून घ्यावा, असा घरोघर दंडक असे. हातोहात दिल्याने भांडण होते, असे त्याचे कारण सांगितले जाई. भांडणाचे आम्हांस ठाऊक नाही, पण त्या दंडकाने कित्येक बोटे वाचली असतील यात संशय नाही.

धारेच्या वस्तूविषयी आपल्या समाजात भीती आणि आदर हे दोन्ही भाव एकत्र नांदत आले आहेत. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती टोकास लिंबू टोचलेली कट्यार देतात. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा चाकू ठेवण्याची चाल कित्येक घरांत होती. नवरदेवाच्या हातातली कट्यार सर्वांस दिसण्यासाठीच असते, आणि लिंबाने तिचे टोक झाकलेलेही असते. दाखवावयाचे शस्त्र निराळे, वापरावयाचे अवजार निराळे आणि लपवावयाचे हत्यार निराळे, हा भेद आपल्या लोकांस चांगला कळत होता. लपविलेल्या हत्याराचे आपल्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी नेलेली वाघनखे होत. परंतु तो प्रसंग राज्य राखण्याचा व प्राणसंकटाचा होता. बांधावरच्या तंट्यास निघालेल्या गड्याने खिशात चाकू घालावा आणि त्या प्रसंगाचे नाव सांगावे, हे कोणासही शोभणारे नाही.

शेतात त्याचे काम

सुतळी तोडणे, खताच्या गोणीचे तोंड उघडणे, ठिबकची नळी कापून जोड बसविणे, काकडी-टरबुजाची फोड करून पाहणे ही कामे सर्वांस माहीत आहेत. त्यांचा विस्तार करीत नाही. घड कापणे, पील काढणे, वाळलेली पाने उतरविणे ही विळ्या-कोयत्याची कामे असून ती लहान चाकूकडून करून घेऊ नयेत. लहान चाकूचे खरे मोल निराळेच आहे : पिकाच्या आत काय चालले आहे ते तो दाखवितो.

कपाशीचे पाहा. गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र पुढे भरून येते. बोंड बाहेरून हिरवेगार व धडधाकट दिसते. आत सरकी पोखरली जात असते. नुसत्या डोळ्यांनी शेत पाहणारा शेतकरी फसतो तो येथेच. म्हणून एका एकरातून निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडावी आणि चाकूने एकेक चिरून पाहावे. वीसांपैकी दोन बोंडांत, म्हणजे शेकडा १० बोंडांत, जिवंत अळी किंवा तिने खाल्ल्याची खूण सापडली, तर औषध फवारण्याची वेळ आली असे समजावे. दोनांहून कमी असल्यास फवारणीचा खर्च वाचतो. पाव घटकेचे हे काम आहे. पण त्यासाठी चाकू घरी खुंटीवर नव्हे, शेतात खिशात असावा लागतो. घरी जाऊन आणू म्हणणारा बहुधा ते काम उद्यावर टाकतो, आणि अळी उद्याची वाट पाहत नाही.

उसाचेही तसेच. शेंडा वाळू लागलेला ऊस उभा चिरून पाहिला असता आतील गर लाल, मधूनमधून आडवे पांढरे पट्टे, आणि आंबूस वास अशी लक्षणे दिसली, तर तो लाल कूज हा रोग होय. केळीचे झाड अकाली पिवळे पडून पाने खोडाजवळ मोडून लोंबू लागली, तर त्याचे खोड आडवे कापून पाहावे. आतील शिरा तांबूस-तपकिरी झालेल्या दिसल्यास मर रोगाचा संशय घ्यावा. या रोगाची जी नवी जात आपल्याकडील ग्रँड नैन व बसराई या वाणांसही मारते, ती भारतात बिहारमध्ये आढळून आली आहे. ज्या जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले, त्या केळीच्या प्रदेशास याहून मोठे संकट नाही. संशय आल्यास जळगावच्या केळी संशोधन केंद्रास तत्काळ कळवावे, आणि तो चाकू धुतल्यावाचून दुसऱ्या झाडास लावू नये.

लिंबू-मोसंबीच्या खोडावर डिंक येऊ लागला, तर रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी आणि त्या जागी बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आहे. बोथट चाकूने साल फाटते व जखम वाढते. डोळा भरण्याच्या कामी तर धारेवाचून गतीच नाही. मेहरूणच्या बोरांची ख्याती सर्वत्र आहे. तसल्या गोड बोराचा डोळा रानबोरीवर भरावयाचा तर सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यावा लागतो, डोळा ढालीच्या आकाराचा उचलावा लागतो, आणि दोन्ही काप एका झटक्यात, काठ न फाटता व्हावे लागतात. पाते कुरतडू लागले की डोळा वाळलाच म्हणून समजावे.

चाकूबरोबर जाणारा रोग

येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जो चाकू रोग दाखवितो तोच रोग वाहूनही नेतो. टोमॅटो व मिरचीवर येणारा मोझॅक नावाचा विषाणू हातांनी व हत्यारांनी पसरतो, आणि तो वाळलेल्या तंबाखूतही दीर्घकाळ जिवंत राहू शकतो. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपे हाताळू नयेत असे तज्ज्ञ सांगतात ते याचमुळे. आता आपल्या जुन्या चंचीचा विचार करा. तंबाखू आणि चाकू एकाच कप्प्यात! रोपवाटिकेच्या दृष्टीने याहून वाईट शेजार नाही. म्हणून ज्या खिशात तंबाखूची पुडी असेल त्या खिशात चाकू ठेवू नये, हा आमचा पहिला नियम. मोसंबी-संत्र्याच्या डोळाभरणीतही रोगट झाडाचा अंश पात्यावरून निरोगी झाडात जातो व वर्षांनी साल फुटून झाड खुरटते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सोडियम हायपोक्लोराइटच्या शेकडा १ द्रावणात पाते बुडवून पुसावे. हे द्रावण पोलादास गंजविते. यास्तव काम संपताच चाकू साध्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, तेलाचे बोट फिरवावे.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक रोगाचा दोष चाकूकडे नाही. केळीचा पर्णगुच्छ रोग माव्यामुळे व रोगट कंदांमुळे पसरतो. तेथे चाकू कितीही धुतला तरी माव्याचा बंदोबस्त व निरोगी रोपे यांवाचून उपाय नाही.

चाकूने करू नयेत अशी कामे

सर्पदंशाचे नाव प्रथम घेतले पाहिजे, कारण येथे चुकीच्या समजुतीने माणसे दगावतात. दंशाच्या जागी चाकूने चिरा पाडून रक्त वाहू द्यावे, ही समजूत खेड्यांत अजून आहे, आणि एके काळी तिला मोठ्या विद्वानांचाही आधार होता. सर लॉडर ब्रंटन या डॉक्टरांनी सुचविलेले खिशात मावेल असे एक लहान हत्यार १९०४ च्या सुमारास पुढे आले. त्याच्या एका टोकास धारदार पाते आणि दुसऱ्या टोकास पोटॅशियम परमँगनेटचे खडे ठेवण्याची पोकळी असे. दंशाची जागा चिरावी व त्यात ते खडे चोळावे, असा उपाय होता. पुढील अनुभवाने व संशोधनाने तो निरुपयोगी आणि घातक ठरला. विष चिऱ्यावाटे बाहेर येत नाही. उलट घोणस किंवा फुरसे यांच्या दंशाने रक्त गोठण्याची शक्तीच नष्ट होत असल्यामुळे चिरलेली जखम थांबता थांबत नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते शासकीय रुग्णालयांत मिळते. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, करकचून दोरी बांधू नये, आणि मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. अशा वेळी चाकू खिशातच राहू द्यावा.

गाय व्याल्यावर वासराची नाळ खिशातल्या चाकूने कापू नये. ज्या पात्याने दुपारी खताची गोणी उघडली, त्यावरील जंतू नाळेवाटे वासराच्या पोटात जातात. नवे कोरे वस्तऱ्याचे पान, निर्जंतुक दोरा आणि आयोडीन गोठ्यात तयार ठेवावे. पोट फुगलेल्या जनावरास चाकू खुपसण्याचा अघोरी उपायही करू नये. त्या कामाचे हत्यार वेगळे असते, आणि ते पशुवैद्याच्या हाती शोभते. पंपाच्या पेटीतील विजेच्या तारा चाकूने सोलणे हे तर मरणास दिलेले आमंत्रणच होय.

याउलट, एक प्रसंग असा आहे की त्या वेळी खिशातल्या चाकूवाचून दुसरे काहीच उपयोगी पडत नाही. बैल दाव्यात गुरफटतो, पाय अडकून खाली पडतो, आणि ओढीने गळ्याचा फास आवळत जातो. अशा वेळी गाठ सुटत नाही, आणि घरून विळा आणीपर्यंत जनावर हातचे जाते. येथे डोके शांत ठेवून पात्याची पाठ जनावराच्या मानेकडे व धार बाहेरच्या बाजूस करून दावे तोडावे. धार मानेकडे राहिली आणि बैलाने हिसडा दिला, तर फासातून सुटलेले जनावर चाकूने जाईल. या एका प्रसंगासाठी तरी गोठ्यात जाणाऱ्या प्रत्येकाजवळ चाकू असावा असे आमचे मत आहे.

चाकू कसा असावा

पाते तीन इंचांच्या आतबाहेर असावे. त्याहून लांब पात्याचे शेतात काम नाही आणि शहरात मात्र ते संशयास कारण होते. चाकू घडीचा असावा, म्हणजे मिटल्यावर धार मुठीत जाते व कपडा किंवा मांडी कापत नाही. टोक अणकुचीदार असण्यापेक्षा किंचित बोथट, खाली वळलेले असावे. चिरण्याच्या, सोलण्याच्या, कापण्याच्या कामी टोकाची गरज नसते. टोक लागते ते भोसकण्यास, आणि ते आपले काम नव्हे. खटका दाबताच पाते ताडकन उघडणारा रामपुरी चाकू तर मुळीच घेऊ नये. रामपूर गावच्या कारागिरांचे कसब आम्ही नाकारीत नाही. परंतु हिंदी चित्रपटांनी त्या चाकूस गुंडाच्या हाती देऊन त्याची अशी ख्याती केली आहे की तो शेतकऱ्याच्या खिशात सापडला तर त्याच्या सरळपणावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पोलादाचे दोन प्रकार बाजारात मिळतात. न गंजणारे पोलाद शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली शोधून काढले; ते देखभालीस सोपे असते, पण स्वस्त चाकूत त्याची धार फार काळ टिकत नाही. साधे पोलाद केळीच्या चिकाने व लिंबाच्या रसाने काळे पडते, पुसले नाही तर गंजते. परंतु त्यास धार लवकर लागते आणि चांगली लागते. गावच्या लोहाराने जुन्या कानशीचे किंवा मोटारीच्या कमानपाट्याचे पाते घडवून दिले, तर ते बाजारच्या दिखाऊ मालाहून सरस ठरू शकते. मात्र त्यास पाणी नीट दिलेले असावे. पाते लालबुंद तापून लोहचुंबकास चिकटेनासे झाले की ते विझवितात, आणि मग पुन्हा हलक्या आचेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत तापवितात. ही दुसरी आच दिली नाही तर पाते काचेसारखे तडकते.

धार लावताना पाते दगडावर अगदी आडवे टेकवू नये व फार उभेही धरू नये. बोटभर रुंद पात्याची पाठ दगडापासून तीन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी उचललेली असावी आणि दोन्ही बाजूंस सारखेच हात द्यावे. धार अंगठ्यावर नव्हे, कागदावर पारखावी. बोथट चाकू निरुपद्रवी असतो ही समजूत चुकीची आहे. बोथट पात्यास जोर लावावा लागतो, जोर लावला की ते निसटते, आणि निसटलेले पाते दुसऱ्या हातात शिरते. शेतातल्या मातीने माखलेल्या पात्याची जखम लहान असली तरी धनुर्वाताची लस टोचून घेण्यास टाळाटाळ करू नये.

कोठे ठेवावा

बंडीचा आतला खिसा ही चाकूची जुनी आणि सर्वांत चांगली जागा. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. विहिरीत डोकावताना किंवा फवारणीच्या टाकीवर वाकताना तो हमखास पडतो. पाठीमागच्या खिशात ठेवून मोटारसायकलीवर बसू नये. गाडी घसरली तर तोच घात करतो. चाकूस हातभर मजबूत दोरी बांधून तिचे दुसरे टोक आतील बाजूने कमरेस अडकविले, म्हणजे तो हरवत नाही आणि चाऱ्यात पडून जनावराच्या पोटातही जात नाही. वेचणीस व तोडणीस जाणाऱ्या भगिनींनी उघडे पाते कमरेस खोचण्यापेक्षा मिटणारा चाकू बटव्यात ठेवावा. लहान मुले घरात असतील तर कपडे उतरविताना चाकू प्रथम काढून उंच जागी ठेवण्याची सवय लावावी.

चारचौघांत चाकू काढावयाचा झाल्यास, उदाहरणार्थ लग्नघरी हाराची दोरी तोडावयाची असली, तर शेजाऱ्यास आधी सांगून, सावकाश उघडून, काम होताच मिटून खिशात घालावा. त्याशी चाळा करीत बोलणे, पाते उघडमीट करीत बसणे, त्याने दात कोरणे वा नखे काढणे हे असभ्यपणाचे आहे. त्याने पाहणाऱ्याच्या मनात भय उत्पन्न होते आणि अवजाराची पत जाते.

कायदा काय म्हणतो

इंग्रजी अमदानीत १८७८ च्या शस्त्रकायद्याने या देशातील लोकांस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती. आज चालू असलेला कायदा १९५९ चा आहे. शस्त्र या शब्दाच्या व्याख्येतून त्याने केवळ घरगुती व शेतकी उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. त्या कायद्याखालील २०१६ च्या नियमांत ज्या धारदार हत्यारांची वर्गवारी आहे, ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची आहेत. आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडविलेली तेथेही सोडून दिली आहेत. तीन इंची घडीचा चाकू या मर्यादेच्या पुष्कळच अलीकडे राहतो. इंग्लंडातही १९८८ पासून असाच विचार दिसतो : मिटणारा, पाते अडकून न बसणारा, तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू सार्वजनिक जागी जवळ ठेवण्यास तेथे कारण सांगावे लागत नाही.

परंतु यावरून लहान चाकू कोठेही व केव्हाही न्यावा असा अर्थ कोणी काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७ अन्वये सणावारी, निवडणुकीत किंवा शांतताभंगाची भीती असता सार्वजनिक जागी शस्त्रे, सोटे, काठ्या, सुऱ्या व इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू नेण्यास मनाई करता येते. असा आदेश ठरावीक मुदतीपुरता असतो व तो पुनःपुन्हा काढता येतो. या मनाईत चाकू येतो, आणि ती मोडल्यास कलम १३५ अन्वये कैदेची शिक्षा आहे. जिल्ह्यात असे आदेश वेळोवेळी निघत असतात. सुज्ञ शेतकऱ्याने वर्तमानपत्रातील ती चार ओळींची बातमी वाचीत जावी. पिंप्राळ्याचा आषाढी एकादशीचा रथ ओढण्यास जाताना दोरास हात लावावयाचा असतो, चाकूस नव्हे. त्या दिवशी तो घरीच राहू द्यावा. न्यायालय, कारागृह, मतदान केंद्र येथे जाताना तो घरी किंवा वाहनाच्या पेटीत ठेवावा. विमानाने जाणाऱ्याने तो हातातल्या पिशवीत न ठेवता विमान कंपनीच्या स्वाधीन करावयाच्या सामानात ठेवावा. नाहीतर दारावरच त्यावर पाणी सोडावे लागते.

झडतीच्या वेळी पोलिसाने विचारले असता खिशात हात घालू नये. प्रथम तोंडाने सांगावे की आपण शेतकरी आहोत, शेतीकामाचा चाकू अमुक खिशात आहे. आणि तो सांगेल त्याप्रमाणे करावे. हा सगळा संवाद अर्ध्या मिनिटाचा असतो. पण जो नाही म्हणतो आणि ज्याच्या खिशातून मग चाकू निघतो, त्याचा अर्धा दिवस चौकीत जातो, आणि त्यानंतर त्याचे खरे बोलणेही खोटे वाटते.

रक्षणासाठी म्हणून?

कित्येक तरुण म्हणतात की काळ बरा नाही, रात्री पाणी धरावयास जावे लागते, जवळ चाकू असलेला बरा. रात्रीच्या शिवारात विजेरी, काठी, उंच बूट आणि सोबती यांचा उपयोग आम्ही समजू शकतो. चाकूने मात्र साप दूर राहत नाही, रानडुक्कर भीत नाही, आणि चोर चार असले तर एकाच्या हातातला चाकू चौघांपैकी कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

खरा धोका चोराचा नाहीच. तो आपल्याच माणसांतल्या तंट्याचा आहे. बांध कोरला, पाटाचे पाणी फोडले, वाटेवर काटे टाकले, एवढ्यावरून सख्ख्या भावांची बोलाचाली होते. हात रिकामा असेल तर गोष्ट धक्काबुक्कीवर थांबते व चार वडील माणसे मध्ये पडून मिटवितात. खिशात चाकू असेल आणि तो खिशात आहे हे रागाच्या क्षणी आठवले, तर पुढचे कोणाच्याच हाती राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत केल्यास कलम ११५ अन्वये एक वर्षापर्यंत कैद आहे. तीच दुखापत भोसकण्याच्या वा कापण्याच्या हत्याराने केल्यास कलम ११८ अन्वये तीन वर्षांपर्यंत. आणि ती जबर ठरल्यास कमीत कमी एक वर्षापासून जन्मठेपेपर्यंत. वीतभर बांधासाठी खटला उभा राहतो, वकिलासाठी तो बांध ज्या शेताचा तेच शेत गहाण पडते, आणि ज्याच्यासाठी भांडलो ती जमीन तिसऱ्याच्या नावे चढते. अशी उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत. वाचकांस ती आमच्याकडून ऐकण्याची गरज नाही. म्हणून मोजणीच्या दिवशी, पाण्याच्या पाळीचा वाद चालू असता, आणि ज्या भाऊबंदाशी बोलणे बंद आहे त्याच्या बांधावरून जाताना चाकू मुद्दाम घरी ठेवावा असे आमचे सर्वांस आग्रहाचे सांगणे आहे. दारू पिणाऱ्याने तो कधीच जवळ बाळगू नये.

सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात मारून घेत नाही. तद्वत् चाकू उपयोगाचा आहे म्हणून त्याने प्रत्येक प्रश्न कापावयास निघू नये. बोंड चिरून अळी पाहणे, डोळा भरून रानबोरीचे सोने करणे, आणि एखाद्या दिवशी फासात गुरफटलेल्या बैलाचा प्राण वाचविणे ही त्याची कामे आहेत आणि ती लहान नाहीत. आमच्या वाचकांनी आपापला चाकू आज एकदा काढून पाहावा. पाते बोथट असेल तर धार लावावी, टोक फार तीक्ष्ण असेल तर लोहाराकडून घासून घ्यावे, तंबाखूच्या खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवावे, आणि वर्तमानपत्रात मनाईचा आदेश आहे की काय ते पाहून मगच घराबाहेर पडावे.